दूध ओढता न येणाऱ्या बाळाला दूध पाजताना

माझा मुलगा जन्मला तेव्हा पहिले तीन दिवस तो दूध पितो आहे, असे आम्हा सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात त्याच्या पोटात जवळजवळ काहीच जात नव्हते. छातीशी धरले की तो तोंड उघडायचा, जबडा हलवायचा, ४० ते ४५ मिनिटे जीव तोडून धडपडायचा, दमून झोपी जायचा आणि दहा मिनिटांत रडत उठायचा. खोलीत येणारे प्रत्येक माणूस "पितोय छान" असे म्हणून जात होते आणि ते ऐकून मीही निर्धास्त होत होते. ज्यांच्या घरी ओठ आणि टाळू दुभंगलेले बाळ आले आहे, त्यांचे ते तीन दिवस टळावेत, एवढ्यासाठी मी हे लिहीत आहे.

ती तारीख ७ जुलै २०२५, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो; माझे माहेर सावंतवाडीचे, आणि मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. बाळाचे वजन २ किलो ८०० ग्रॅम भरले. वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि त्याच रेषेत हिरडीही. सोनोग्राफीत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बालरोगतज्ज्ञांनी टॉर्चच्या उजेडात तोंडात पाहिले, आतून बोट फिरवले आणि म्हणाले, "टाळूसुद्धा दुभंगलेली आहे." हे ऐकताच सासूबाईंचा तळहात बाळाच्या डोक्यावर गेला. "कितें जालें गो?" असे त्यांनी मला विचारले तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. आपल्याकडे टाळू म्हटले की आधी आठवते ती डोक्यावरची मऊ जागा, जिथे आपण रोज तेल भरतो. तोंडातल्या छताचे नावही टाळूच आहे, याचा आम्हा दोघींना त्या क्षणी विसर पडला होता. डॉक्टरांनी मग बाळाची हनुवटी हलकेच खाली करून आम्हाला दाखवले. जिथे गुलाबी कमान दिसायला हवी तिथे मधोमध मागपर्यंत गेलेली फट होती आणि तिच्यातून थेट नाकाची पोकळी दिसत होती.

तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच नसला तर दूध का ओढता येत नाही, हे मला पुढे ज्या परिचारिकेने समजावले तिने शहाळ्याच्या नळीचे उदाहरण दिले. नळीला मध्येच चीर गेली असेल, तर कितीही जोर लावला तरी पाणी वर चढत नाही, नुसती हवा येते. बाळ जीभ आणि जबडा हलवते, म्हणजे त्याची इच्छा असते, भूक असते, ताकदही असते. पण तोंडात पोकळी धरून ठेवता येत नसल्यामुळे ओढ तयार होत नाही. फक्त ओठ दुभंगलेला असेल आणि टाळू शाबूत असेल, तर पुष्कळ मुले अंगावर नीट पितात, कारण स्तनाचा मऊ भाग ओठातली फट भरून काढतो. टाळू दुभंगलेली असली की गोष्ट वेगळी होते. हा फरक आम्हाला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवा होता. ज्या प्रसूतिगृहात मी होते तिथे मला "लावत राहा, शिकेल हळूहळू" एवढेच सांगण्यात आले. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण हे बाळाच्या शिकण्याने सुटणारे काम नव्हते.

चौथ्या दिवशी वजन केले तेव्हा काटा २ किलो ४८० ग्रॅमवर थांबला. नवजात बाळांचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटतेच, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट डॉक्टर लक्ष ठेवून चालवून घेतात. आमच्या बाळाची घट अकरा टक्क्यांच्या वर गेली होती. आधीच्या चोवीस तासांत फक्त दोन लंगोट ओले झाले होते आणि त्यांतल्या एकावर विटकरी डाग होता, ज्याला मी रक्त समजून घाबरले. ते लघवीतले क्षार होते, पाणी कमी पडत असल्याची खूण. त्याच दुपारी, धो धो पावसात, आम्ही बाबूला घेऊन बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गेलो.

तिथे रक्तातली साखर तपासली, तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घालून दोन दिवस तिच्यातून दूध दिले, आणि तिसऱ्या दिवशी एका सिस्टरांनी पाजण्याचे काम आमच्या हाती सोपवले. त्यांच्याकडे चोच असलेली पसरट वाटी होती, तिला त्या पालाडै म्हणत. हा शब्द दक्षिणेकडचा. वस्तू मात्र माझ्या ओळखीची होती, कारण आमच्या माहेरच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात तसेच चांदीचे बोंडले होते, ज्याने मला आणि माझ्या भावाला घुटी पाजलेली. आईने ते सावंतवाडीहून पाठवून दिले. सिस्टरांनी त्याची चोच तपासली, आत ब्रश फिरतो ना ते पाहिले, आणि रोज उकळणार असाल तर हेच वापरा म्हणाल्या.

पाजण्याची पद्धत मी इथे सविस्तर सांगते, कारण त्या वेळी मला हीच माहिती हवी होती आणि ती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. आडवे झोपवून पाजायचे नाही. मी भिंतीला पाठ टेकून, गुडघे उभे करून जमिनीवर बसायचे आणि उभ्या मांड्यांवर बाबूची पाठ टेकवायचे, म्हणजे तो जवळजवळ बसलेला राहायचा आणि त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर यायचा. डोके मागे कलंडू द्यायचे नाही. बोंडल्याची चोच त्याच्या खालच्या ओठावर, उजव्या कोपऱ्याकडे, म्हणजे जी बाजू शाबूत आहे तिच्याकडे टेकवायची, आणि दूध चोचीच्या टोकाशी येईल एवढेच कलते करायचे. मग थांबायचे. तो जीभ पुढे आणतो, दूध चाटतो, आत नेतो, गिळतो. गिळताना गळ्याशी एक छोटीशी हालचाल होते आणि "ग्क" असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढचा थेंब द्यायचा नाही. घशात दूध ओतायचे नाही, हे सिस्टरांनी मला इतक्या वेळा बजावले की पुढे घरी आल्यावरही हात जरा जास्त कलला की मला त्यांचा आवाज ऐकू यायचा.

अशी बाळे दुधाबरोबर पुष्कळ हवा गिळतात. म्हणून दर १०-१५ मिलिलिटरनंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा लागे. सुरुवातीला मला वाटायचे, मध्येच उठवले तर त्याची लय तुटेल, आणि मी ढेकर लांबवत असे. मग सगळे पाजून झाल्यावर एका उलटीत अर्धा तास वाया जात असे.

नाकातून दूध आले तो पहिला प्रसंग घरातला आहे. आठव्या दिवशी आम्ही घरी आलो, संध्याकाळी मी पाजत होते, आणि एकाएकी दोन्ही नाकपुड्यांतून दुधाची धार खाली आली. सासूबाई किंचाळल्या, माझे पती दारातून धावत आत आले, आणि बाबू मात्र शिंकला, त्याने डोळे मिचकावले आणि पुन्हा तोंड उघडले. फट आहे म्हणून दूध वर जाणार आणि नाकावाटे बाहेर येणार, यात त्याला इजा होत नाही. अंगावरच्या दुधाने नाकाची आतली त्वचा फारशी झोंबतही नाही. थांबायचे, थोडे पुढे झुकवायचे, शिंकू द्यायचे, मऊ ओल्या फडक्याने टिपायचे, फटीत बोट किंवा कापूस घालायचा नाही, आणि पुन्हा सुरू करायचे. घाबरायचे ते वेगळ्या खुणांना: ओठांभोवती निळसर छटा येणे, खोकला न थांबणे, श्वास जलद होऊन छाती आत ओढली जाणे. असे झाले तर पाजणे तिथेच बंद करून ताबडतोब दवाखाना गाठायचा. आमच्यावर ती वेळ आली नाही.

मी वही घातली होती, शाळेतली, एकरेघी. तारीख, वेळ, किती मिली, किती मिनिटे, ओला लंगोट, शी, आणि आठवड्यातून दोनदा आरोग्य केंद्रातल्या काट्यावरचे वजन. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागते. आमच्या २ किलो ६०० ग्रॅमच्या बाळाला ८ वेळांत विभागून एका वेळी जवळपास ५० मिली. पण त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना मिनिटांचा होता, हे समजायला मला आठवडा लागला. ५० मिली संपवायचेच म्हणून मी तासभर बसत असे, आणि बाबू पितापिता जेवढे मिळवत होता त्यातले बरेचसे त्या धडपडीतच खर्च करत होता. वजन दिवसाला कसेबसे ८-१० ग्रॅम वाढत होते. सिस्टरांनी वही पाहून मिनिटांच्या रकान्यावर बोट ठेवले: एका वेळी ३० मिनिटांच्या वर जायचे नाही, उरले तर उरू दे, अडीच-तीन तासांनी पुन्हा. वाटी रिकामी झाली की नाही यापेक्षा त्याच्या अंगी काय लागले ते पाहायचे. हे पाळू लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वाढ दिवसाला २० ग्रॅमच्या पुढे गेली, आणि एकोणिसाव्या दिवशी काट्यावर पुन्हा २ किलो ८०० ग्रॅम दिसले. त्या आकड्याखाली माझ्या पतींनी लाल पेनाने दोन रेघा मारल्या आहेत.

बाळ ओढत नाही म्हटल्यावर आईचे दूध आटते, आणि ते टिकवणे हे पाजण्याइतकेच मोठे काम असते. दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध काढावे लागे, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची हवीच, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते. सुरुवातीचा चीक हातानेच काढला: अंगठा आणि तर्जनी काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचे, मग एकमेकींकडे, घासायचे नाही. पहिल्या वेळी स्टीलच्या वाटीच्या तळाला चमचाभरसुद्धा जमले नाही आणि मी रडले. नंतर हातपंप घेतला. खोलीतल्या उबेत काढलेले दूध चार तासांच्या आत वापरायचे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने मी फ्रीजवर अवलंबून न राहता प्रत्येक वेळेचे ताजेच काढत असे. म्हणजे अर्धा तास काढणे, अर्धा तास पाजणे, पाव तास ढेकर, मग बोंडले, वाट्या आणि पंपाचे भाग घासून उकळणे, आणि तासाभराने पुन्हा तेच. ही गोष्ट एकट्या बाईने होणारी नाही. भांडी उकळण्याचे काम माझ्या पतींनी पहिल्या रात्री उचलले ते आजतागायत त्यांच्याकडे आहे. पहाटे चारची पाळी सासूबाईंची होती. त्यांच्या हाताला थरथर आहे, तरी बोंडले धरले की हात स्थिर होई.

पाजून झाल्यावर मी त्याला थोडा वेळ अंगाशी लावत असे, पोट भरण्यासाठी नाही, नुसते जवळ असावे म्हणून. हे कोणी सांगितले नव्हते, पण ते दोघांनाही हवे होते.

पंधराव्या दिवशी कुरिअरने मुंबईहून खास अशा मुलांसाठी केलेली बाटली आली. तिच्या निपलमध्ये एकमार्गी झडप असते. बाळाने हिरडीने नुसते दाबले तरी दूध पुढे येते, मागे जात नाही, आणि ओढ लागत नाही. निपलची एक बाजू जाड असते, ती वर टाळूकडे ठेवायची, मऊ बाजू जिभेवर, आणि हवेची खाच नाकाखाली यायला हवी. आम्ही पहिल्या दिवशी ते उलटे लावले होते आणि बाटली खराब निघाली असे समजून परत पाठवायला निघालो होतो. बाटली मऊ असते, म्हणून त्याच्या जबड्याच्या दोन-तीन हालचालींनंतर एकदा हलकेच दाबायचे आणि सोडायचे. सतत दाबत राहिले की तो गुदमरतो. ती लय हाताला बसायला चार दिवस गेले. मग ५५ मिली १८ मिनिटांत जाऊ लागले.

भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न मला फार टोचले. शेजारच्या एका बाईंनी, बाळाकडे पाहून, थेट विचारले, "गिराणांत कितें चिरलें गो तुवें?" ग्रहणात गरोदर बाईने सुरी किंवा विळी धरली की बाळाचा ओठ कापला जातो, ही समजूत आमच्याकडे अजून घट्ट आहे. ओठ आणि टाळू यांचे दोन्हीकडचे भाग गर्भाच्या चौथ्या ते नवव्या आठवड्यांत एकमेकांना येऊन जुळतात. ते जुळणे अपुरे राहिले की दुभंग उरतो, आणि त्याला अनुवंशापासून काही औषधांपर्यंत अनेक कारणे असू शकतात, पुष्कळदा एकही सापडत नाही. माझ्या संपूर्ण गरोदरपणात तर भारतातून दिसणारे एकही ग्रहण झाले नव्हते. मी हे त्या बाईंना सांगितले. त्या गप्प झाल्या, त्यांना पटले असे वाटत नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजींचे मात्र वेगळे. त्या बोटाने तोंडातली टाळू उचलण्याची आणि नाकात तेल सोडण्याची जुनी रीत पाळत. मी त्यांना फट दाखवली, तेल थेट श्वासात जाईल हे सांगितले. त्यांनी नीट पाहिले आणि "देव बरें करूं" म्हणून तेलाची वाटी बाजूला ठेवली. मध आणि जन्मघुटी या गोष्टीही आम्ही दिल्या नाहीत.

ग्रहण आले ते नंतर. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा, रात्री खग्रास चंद्रग्रहण. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती, गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी उतरवली होती, आणि बाबू बरोबर दोन महिन्यांचा झाला होता. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, दीडच्या सुमारास मोक्ष. म्हणजे साडेदहाची आणि एकची, अशा त्याच्या दोन वेळा त्यात येत होत्या. सासूबाई आयुष्यभर ग्रहणात पाणीही प्यायल्या नव्हत्या. मी त्यांना काहीच म्हटले नाही. साडेदहाला मी दूध काढून स्वयंपाकघरातून आले, तर त्या भिंतीला पाठ टेकून, गुडघे उभे करून, बाबूला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या आणि त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. वहीत त्या रात्रीची नोंद आहे: १०.३५, ७० मिली, २१ मिनिटे, नाकातून थोडे. वजन त्या आठवड्यात ३ किलो ९०० ग्रॅम होते.

बाकीचे थोडक्यात सांगते. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो, म्हणून श्रवणाची तपासणी वेळेवर करावी लागते. आमची एक झाली आहे, पुढची टाळूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी होईल. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, ओठ-टाळूचा दुभंग समाविष्ट आहे, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात बाळाची नोंद लवकर करून घ्यावी. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर साधारण दहा आठवडे वय, साडेचार किलोच्या आसपास वजन आणि १० ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा पाहतात. यातले वजन आपल्याच हातात असते, आणि मधल्या सगळ्या रात्री आम्ही त्या काट्याकडे डोळे लावून होतो. नोव्हेंबरमध्ये, चार महिन्यांचा आणि ५ किलो २०० ग्रॅमचा असताना, बाबूच्या ओठाची शस्त्रक्रिया झाली. टाक्यांवर ताण नको म्हणून सर्जननी तीन आठवडे निपल बंद ठेवले आणि फक्त वाटी किंवा चमचा चालेल असे सांगितले, त्यामुळे डब्यात गेलेले चांदीचे बोंडले पुन्हा बाहेर आले. पहिल्या दिवशी त्याचा नवा ओठ मला अनोळखी वाटला, हे मी इथे लिहिते, कारण ते कोणी बोलत नाही. ज्या तोंडाला मी चार महिने पाजले होते ते तोंड बदलले होते आणि त्यासाठी माझ्या मनाला दोन दिवस लागले.

टाळू अजून तशीच आहे. ती शस्त्रक्रिया तो दहा महिन्यांचा झाल्यावर, मे महिन्यात ठरली आहे. तोपर्यंत सहा महिने पूर्ण होताच, ७ जानेवारीला, आम्ही नाचणीचे सत्त्व सुरू केले. पातळ केले तर ते लगेच नाकात चढते, म्हणून चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट करतो आणि बाबूला ताठ बसवून, छोट्या चमच्याने, जिभेच्या मध्यावर ठेवतो. पहिल्या दिवशी चौथ्या चमच्याला त्याच्या डाव्या नाकपुडीतून नाचणीचा तांबूस ओघळ खाली आला. सासूबाईंनी ओल्या फडक्याच्या टोकाने तो टिपला, त्याच्या शिंकेची वाट पाहिली आणि पाचवा चमचा भरला.